यादीतली आमची चूल

ज्या पत्राला मी कधीच उत्तर दिलं नाही, ते दर वर्षी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतं. कचेरीचं पत्र. अर्धं पान मजकूर, खाली शिक्का. मोंब्रे गावच्या जंगलातलं सरपण यंदा चुलींमागे, म्हणजे दर घरामागे, वाटायचं आहे. ज्यांना आपली चूल यादीत हवी त्यांनी महिनाअखेरपर्यंत लेखी कळवावं. मग चिठ्ठ्या टाकून वाटे ठरतील आणि ज्यानं त्यानं आपला वाटा तोडून न्यावा. बस्स, एवढंच.

पहिलं पत्र आलं तेव्हा आम्हाला इंग्लंडहून खाडी ओलांडून इथं येऊन चार महिने झाले होते. मी जन्मभर लीड्सच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी केल्या. शब्दकोश घेऊन बसलो आणि उत्तराचा मसुदा केला. तो फार कोरडा वाटला. दुसरा फार लाचार वाटला. तिसरा लिहिताना मनात आलं की परक्या माणसानं आल्या आल्या गावच्या जंगलात वाटा मागणं हावरेपणाचं दिसेल. चौथा हातात घेतला तोवर ऑक्टोबर लागला होता. मी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

मला धीर दिला तो डेरेकनं. शेजारच्या गावात राहणारा डेरेक हा आम्हा इंग्रजांचा पुढारी. लेस्टरला गालिचे विकून आलेला, आणि इथल्या भाषेतल्या वीसेक शब्दांच्या जोरावर साऱ्या कायद्यांचा जाणकार झालेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही त्याच्याकडे जमतो, इंग्लंडहून बोटीनं आणलेल्या पाकिटांतला रस्सा मांसावर ओततो आणि इथले लोक परक्यांत मिसळत नाहीत म्हणून हळहळतो.

"सरकारी पत्राला उत्तर द्यायचं नाही, बाबा," डेरेकनं मला सांगितलं. "उत्तर दिलं की दुसरं पत्र येतं. गप्प बसलं की ते आपोआप मरतं."

हे माझ्या स्वभावाला इतकं सोयीचं होतं की मला ते शहाणपण वाटलं. त्याच शहाणपणानं आमच्या घराचं वीजबिल अजून तेव्हनो नावाच्या जुन्या मालकाच्या नावानं येतं. नाव बदलायला एक पत्र लिहावं लागतं.

सरपणाची सोय शेजारच्या रेमोंनं केली. पहिल्याच शरदात तो आमच्या दारात येऊन दहा मिनिटं बोलला. त्याची बोली माझ्या पुस्तकात नव्हती. मला तीनच शब्द कळले : लाकूड, गाई, गवत. मी तीनदा "धन्यवाद" म्हणालो आणि हळूच दार लावलं. तेव्हापासून दर नोव्हेंबरात आमच्या अंगणात चार ट्रॉल्या लाकूड पडतं आणि त्याच्या सहा गाई आमच्या घरामागच्या कुरणात वर्षभर चरतात. व्यवहार मला उदार वाटायचा. लाकूड पॉप्लरचं, हलकं आणि ओलं. जाळलं की त्याला घाम फुटायचा आणि खोली धुरानं भरायची.

यंदा सप्टेंबरातच थंडी उतरली. डोरीन, माझी बायको, लोखंडी शेगडीपुढे गुडघे टेकून फुंकत होती.

"हे जळतंय की रडतंय?" ती म्हणाली.

"थोडं ओलं आहे."

"अकरा वर्षं थोडं ओलं आहे." तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी वेंडीला फोन केलाय. तिची खालची खोली रिकामी आहे. नाताळपर्यंत हे घर उबदार झालं नाही तर मी कॉव्हेंट्रीला जाणार. तू ये, नाही तर शब्दकोशाला कवटाळून बस."

"लेकीकडे? तुझं आणि तिचं दोन दिवस पटत नाही."

"भांडताना निदान अंगात ऊब तरी राहील. आणि इथं राहायचा परवाना तरी कुठं मिळालाय आपल्याला?"

तेही खरं होतं. इंग्लंडनं युरोपशी काडीमोड घेतला होता आणि इथं पाच वर्षं राहत असल्याचा पुरावा आता आम्हाला द्यायचा होता. त्या काडीमोडाच्या बाजूनं डेरेकनं टपालानं मत दिलं होतं. परवान्यासाठी सगळ्यात मोठ्यानं तोच रडत होता. आमच्याकडे पुरावा म्हणून घराचं खरेदीखत होतं. पण घर घेतलं म्हणजे तुम्ही त्यात राहता असं सरकार धरत नाही, आणि वीजबिलाप्रमाणे त्या घरात तेव्हनो राहत होते.

डोरीननं मला कोट घातला आणि कचेरीकडे पिटाळलं. बाहेरच्या फलकावरच्या सूचना मी पाव तास वाचल्या. गटारसफाईचं वेळापत्रक दोनदा वाचलं. मग आत गेलो.

कचेरीतल्या बिझुआर बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. पुस्तकांमुळे गावानं मला केव्हाच मास्तर ठरवलं होतं.

"मास्तर, तुम्ही? बसा. कोण वारलं?"

"कोणी नाही. मी इथं राहतो असा दाखला हवा होता."

"वीजबिल आणा की."

"ते तेव्हनोंच्या नावावर आहे."

"तेव्हनोला जाऊन तेरा वर्षं झाली."

"हो. पण बिल वेळेवर भरतो आम्ही."

"तो जिवंतपणी भरत नव्हता," बाई म्हणाल्या आणि कपाटातून एक जाड वही काढली. "अहो, पण तुम्हाला काळजी कसली? चुलींची यादी आहे ना. ही बघा तुमची ओळ. पेंडल, चूल एक. अकरा हिवाळे. इथलं लाकूड उचलतो तो माणूस इथंच राहतो, यापुढे परवानेवाले काय बोलतील? लेखी उत्तर तुम्ही कधी पाठवत नाही, रेमोंकडून तोंडी कळवता, पण वाटा उचलल्याची सही दर वर्षी आहे. गेल्या वर्षी चौदा नंबरचा वाटा, झऱ्याच्या वरच्या अंगाचा. ओक आणि बीच, दोन्ही कठीण लाकडं. नशीबवान आहात. आणि सही म्हणजे, अगदी सरदाराची."

मी वाकून पाहिलं. माझी सही मुंगीएवढी. इथं माझ्या नावाला दोन मोठे वेढे घालून खाली चाबकासारखी रेघ ओढली होती. अकरा वेळा.

"काही म्हणायचंय का?" बाईंनी विचारलं.

ही सही माझी नव्हे, असं म्हटलं तर अकरा हिवाळे वहीतून पुसले जाणार आणि त्यांच्याबरोबर आम्हीही. मी म्हणालो, "नाही. धन्यवाद."

"दाखला देते मी. पण नवे सरपंच तोंडी चालवून घेत नाहीत. यंदाचं उत्तर तुमच्या हातचं हवं, तीस तारखेपर्यंत टपालात पडलेलं. नाही तर चूल बंद अशी नोंद करावी लागेल, आणि बंद चुलीच्या माणसाला मी कसला दाखला देणार?"

घरी येऊन मी डोरीनला सगळं सांगितलं. तिनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"म्हणजे आपलं गवत रेमोंच्या गाईंना, आपला ओक त्याच्या शेगडीत, आणि वर नाताळला आपण त्याला व्हिस्की देतो."

"मुरंबाही," मी म्हणालो. नोंद पुरी असावी अशी मला सवय आहे.

"जा त्याच्याकडे. नाही तर मी जाते, आणि मी धन्यवाद म्हणणार नाही."

रेमों आमच्याच कुरणात कुंपणाचा खांब ठोकत होता. धुकं खाली आलं होतं, जमीन चिकट झाली होती. प्रत्येक पावलाला बुटाखाली शेरभर चिखल येत होता. गाईंनी माझ्याकडे मालकिणींसारखं पाहिलं. वाटेत मी एक लांब, सभ्य, चार कलमांचं वाक्य जुळवलं होतं. ते फाटकापाशीच गळून पडलं.

"रेमों, मी कचेरीत गेलो होतो."

त्यानं घण खाली टेकवला. अकरा वर्षांत त्याची बोली मला कळू लागली होती. "मंग बाईनं वही दावली आसंल."

"हो."

"सही कशी वाटली?"

"चांगली आहे," मी म्हणालो. ती खरंच चांगली होती.

"आवं मास्तर, पैल्या साली तुमच्या दारात हुबं ऱ्हाऊन दहा मिंटं घसा कोरडा केला म्या. म्हनलं, कचेरीचं पत्तर आलंया, तुमचा वाटा म्या तोडतो, निम्मं तुमाला, निम्मं मला, नि गाई हितं चरूं द्या. तुमी तीन डाव धन्यवाद म्हनला. आता तुमाला कळलंच न्हाई ह्ये मला काय सपान पडलं व्हतं?"

"निम्मं? आमच्याकडे तर नुसता पॉप्लर येतो."

"त्यो वड्याकडचा. माझ्या रानातला." रेमोंचा चेहरा दुखावल्यासारखा झाला. "त्यो तर म्या पदरचा दिला तुमाला."

"आणि आमचं निम्मं?"

"त्ये बी म्याच जाळलं. वाया जाऊ दिलं न्हाई. आवं, इंग्रजाला लाकडातलं कळत न्हाई म्हनत्यात. त्यो डेरेकसायेब तर रंग दिलेल्या फळ्या जाळतोय नि वास चांगला येतो म्हनतोय."

मला हसू आलं. मग डोरीनचा खोकला आठवला.

"डोरीन जाणार आहे, रेमों. धूर सोसत नाही तिला. ती गेली की मीही जाईन. घर विकावं लागेल."

आता त्यानं टोपी मागे सारली. कुरणाच्या टोकापर्यंत एकदा पाहिलं.

"कुनाला इकनार?"

"कोणाला तरी. डेरेकच्या ओळखीचं एक जोडपं आहे. त्यांना घोडे पाळायचे आहेत."

असं जोडपं आहे की नाही मला माहीत नव्हतं. डेरेकच्या ओळखीचं कोणी ना कोणी असतंच.

"घोडं," रेमों म्हणाला, आणि चिखलात थुंकला.

"यंदाचं उत्तर मी लिहिणार आहे," मी म्हणालो. "वाटा माझा. सगळा."

"तोडनार कोन? करवत धरता येती?"

"नाही."

"झाड कंच्या अंगाला पडतं, ठावं हाय?"

"वाचलंय."

"म्हंजे आंगावरच पडंल."

"म्हणून तुम्ही तोडा. मी तिथं उभा राहीन. आणि आता तोडलेलं वाळायला दोन वर्षं लागतील, हेही वाचलंय. तुमच्या शेडात आमचे न जाळलेले जुने वाटे वाळून पडले असणार. यंदाच्या हिवाळ्याला चार ट्रॉल्या त्यातल्या हव्यात."

"समदं ओक?"

"समदं," मी म्हणालो.

"नि मला काय?"

"गवत. पूर्वीसारखंच."

"आनि मुरंबा?"

"तो डोरीनच्या हातात आहे."

एक गाय येऊन माझी बाही चाटू लागली, तिला त्यानं हाकललं नाही.

"मास्तर, तुमी बोलत नव्हता त्येच बरं व्हतं," अखेर तो म्हणाला. मग खांबापाशी बसून काठीनं ओल्या मातीत माझं नाव लिहिलं. दोन वेढे, खाली चाबूक. "सही मातर अशीच करा. न्हाईतर बाई इचारंल, अकरा सालांचा पेंडल कंचा नि यंदाचा कंचा. घ्या, काढा."

चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी चिखलात बसून माझीच सही शिकलो. पहिल्या पाच सहा सह्या त्याला पसंत पडल्या नाहीत. मनगट ढिलं सोडा, म्हणाला, मागायला आलाय असं वाटतंय.

उत्तर मी त्याच दुपारी लिहिलं. डोरीन पाठीशी उभी होती, म्हणून एकाच मसुद्यात आटोपलं. "मोंब्रे गावी आमची चूल आहे. ती यंदाही यादीत ठेवावी." पुढे मी क्षमायाचनेचं एक वाक्य सुरू केलं होतं, ते तिनं बोट ठेवून थांबवलं. खाली सही केली. पाकीट बंद केल्यावर तिनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि ॲप्रनच्या खिशात घातलं.

"लाकूड आल्याशिवाय हे जाणार नाही. मला इथं राहायचंच नसेल तर चूल कोणाची लिहायची?"

रेमों पंचवीसला येणार होता, मग सत्ताविसाला. एकोणतीसला त्याचा ट्रॅक्टर बिघडला. तो रोज बिघडला असता तरी मी त्याला विचारायला गेलो नसतो, हे त्याला ठाऊक होतं. डोरीनला ते कळल्यावर ती स्वतः गेली. काय बोलली ते मला कळलं नाही. तिला त्याची बोली येत नाही आणि त्याला तिची. तीस तारखेला सकाळी अकराला पहिली ट्रॉली अंगणात उलटली. डोरीननं प्रत्येक ओंडका उचलून एकमेकांवर आपटून पाहिला. जो वाळक्या लाकडासारखा खणखणला नाही तो ट्रॉलीत परत टाकला. असे एकवीस निघाले. रेमों छातीवर हात ठेवून म्हणाला की ते खालून चुकून आले असतील.

"बाकीच्या तीन ट्रॉल्या?" मी विचारलं.

"आनतो की. पळून चाललोय व्हय म्या?"

डोरीननं नव्या लाकडाचे दोन ओंडके शेगडीत घातले, झाकण लावलं आणि बाजूला खुर्ची ओढून बसली. थोड्या वेळानं अंगातला कोट काढून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकला. अकरा वर्षांत तो कोट मी थंडीच्या दिवसांत तिच्या अंगावरून उतरलेला पाहिला नव्हता. मग तिनं ॲप्रनमधून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं.

"बारा वाजता डबा उघडतात. पळ."

टपालाचा पिवळा डबा कचेरीच्याच भिंतीवर आहे, बिझुआर बाईंच्या खिडकीपासून हातभर अंतरावर. मी पोचलो तेव्हा त्या खिडकीत बसून सफरचंद खात होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं, त्यावरचा स्वतःच्या कचेरीचा पत्ता वाचला आणि खिडकी उघडली.

"द्या इकडे."

"नको," मी म्हणालो. "तिकीट लावलंय."

"अहो, सत्तर किलोमीटर लांब शहरात जाईल आणि परवा माझ्याच टेबलावर येईल."

"येऊ दे. आजच्या तारखेचा शिक्का पडेल."

त्या सफरचंद चावत पाहत राहिल्या. रस्त्याच्या वळणावर टपालाची गाडी दिसत होती. पाकीट मी फटीत अर्धं सरकवलं आणि तेवढ्यात मनात आलं की 'यंदाही' ऐवजी 'यंदापासून' लिहायला हवं होतं का. पाकीट बाहेर ओढून घेण्याइतकी जागा बोटांना होती. खिडकीत बाईंचं चावणं थांबलं.

मी बोटं सोडली.