माझा काटा आणि ती घरघरणारी

मित्रांनो, मी जुनी आहे, लांबलचक आहे आणि खरं सांगायचं तर जळकी आहे. भाजलेलं मांस जेवणाच्या टेबलावर कापून वाढणारी सुरी मी. कारखान्यात मला तापवलं, ठोकलं, घासलं आणि एका दोन दातांच्या काट्याशेजारी मखमलीच्या पेटीत निजवलं. तेव्हापासून तो माझा. तो धरायचा, मी कापायची.

या घरात मी आजोबांच्या हातात आले. जेवणाआधी धार लावायला ते मला पोलादी कांडीवर सरसर फिरवायचे. तो आवाज ऐकला की सगळे टेबलाशी गोळा होत. मी इतके पातळ काप काढायची की आजी म्हणायच्या, "अहो, यातून पलीकडचं दिसतंय! पाहुण्यांना जेवायला बोलावलंय की डोकावायला?"

मग नात चालायला लागली. सून म्हणाली, "बाबा, आता हिला धार नको. पोरीचा हात कुठेही जातो." आईचं काळीज ते! कांडी बंद झाली, मी बोथट झाले. एका दुपारी कोंबडीचा सांधा सुटेना म्हणून आजोबांच्या मुलाने जोर लावला. मी हाडावरून घसरले ती थेट त्याच्या अंगठ्यात.

"टाकून द्या ती!" सून रडवेली झाली. आजोबांनी मला पेटीत घालून कपाटावर ठेवलं. एकटीला.

खाली विजेवर चालणारी सुरी आली. घरघर करणारी, मागे वायरची शेपटी! "किती झटपट कापते!" सगळे कौतुक करत. झाकणाच्या फटीतून मी बघायची. माझा काटा तिच्यासाठी मांस धरून उभा. आणि वर तिच्याबरोबर थरथरायचा. माझ्याबरोबर कधी थरथरला होता का मेला? माझा नुसता जळफळाट व्हायचा. रोज म्हणायची, हिचं वाटोळं होऊ दे.

एकदा ती घरघर ऐकून नात खुदकन हसली, खुर्चीवर चढली आणि तिने हात पुढे केला. सुनेने झडप घालून मनगट पकडलं. बोटं पात्याला लागायचीच बाकी होती. मित्रांनो, मला वाटोळं हवं होतं, पण असं नको होतं.

सून बराच वेळ पोरीला घट्ट धरून बसली. मग स्टुलावर चढून तिने मला खाली काढलं.

"बाबा, धार कशी लावायची, दाखवा मला."

"अगं, तूच नको म्हणाली होतीस ना?"

"बोथट ठेवून तरी काय झालं? अंगठा कापलाच की! मी लावते धार. आणि काम झालं की हिला म्यानात घालायचं, पेटी कुलपात."

आता ती घरघरणारी कपाटावर आहे. मी आणि माझा काटा पुन्हा एकाच पेटीत, कुलपात, शेजारी शेजारी.

बाळांनो, आम्हाला हात लावू नका. पण मोठ्यांना सांगा, सुरीची धार राखा आणि तिची जोडी मोडू नका. काल अंधारात काटा हळूच म्हणाला, "तिचा आवाज मात्र गोड होता, नाही?"

बरं झालं, पेटीत मी म्यानात असते, नाहीतर त्याची काही धडगत नव्हती.