भाऊजींनी गिटार शांत केली

वहिनींच्या गिटारला एक वाईट खोड होती. वहिनी वाजवायच्या थांबल्या, तरी ती थांबत नसे. अँप्लिफायर चालू केला की तिचं घूंऽऽ सुरू, जणू आत कुणी भुंगा कोंडून ठेवलाय. तारांवर हात ठेवला की आवाज जरा दबायचा, हात उचलला की पुन्हा सुरू.

एरवी वहिनींनी ते चालवून घेतलं असतं. दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या बाईला घरघरीचं काय कौतुक? पण आता त्यांची जुनी मैत्रीण परत गायला लागली होती. कॉलेजात दोघींची जोडी होती. तेव्हा मैत्रिणीचा आवाज माइकशिवाय मागच्या बाकापर्यंत पोचायचा. घशाच्या ऑपरेशननंतर तिचा आवाज सुतासारखा बारीक झाला होता. वाचनालयाच्या सभागृहात तीन गाणी म्हणायचं दोघींनी कबूल केलं, आणि पहिल्याच तालमीत मैत्रीण खाली बसली.

"अगं, माझ्यापेक्षा तुझी गिटारच मोठ्यानं गातेय," ती हसत म्हणाली. हसली खरी, पण पुढचं कडवं तिने घेतलंच नाही.

हे भाऊजींच्या कानावर गेलं आणि गिटारचे ग्रह फिरले. भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. कुठल्याही विषयावरचा एक व्हिडिओ पाहिला की त्यात पारंगत. त्यांनी गीझर दुरुस्त केल्यापासून घरातल्या सगळ्यांची प्रकृती गार पाण्याने ठणठणीत होती.

"सिंगल कॉइल आहे, वहिनी," गिटारकडे पाहत ते गंभीरपणे म्हणाले. "तारांखाली हे वेटोळं आहे ना, ती अँटेनाच समजा. ट्यूबलाइट, मिक्सर, चार्जर, सगळ्यांचं ऐकून घेते."

"घरात कुणीतरी ऐकून घेणारं आहे म्हणायचं," वहिनी म्हणाल्या.

टोमणा भाऊजींपर्यंत पोचला नाही. त्यांचं स्वतःचं शिल्डिंग फार पक्कं होतं. गिटारच्या आतल्या पोकळीला तांब्याच्या चिकटपट्टीचं अस्तर लावायचं, ते अर्थिंगच्या वायरला जोडायचं, की बाहेरची घाण बाहेरच, यालाच शिल्डिंग म्हणतात, असं त्यांनी घरच्यांना जेवताना समजावलं. जेवण मांडीवर ताट घेऊन चाललं होतं, कारण टेबलावर गिटारचं पोट उघडं पडलं होतं. वहिनींचे यजमान या सगळ्यात नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रामागे तटस्थ होते.

रविवारी संध्याकाळी शेवटचा स्क्रू बसला. भाऊजींनी अँप्लिफायर चालू केला. घरघर नाही. चूं नाही की चां नाही.

"ऐका!" भाऊजी विजयी मुद्रेने म्हणाले. "गुणगुण गेली!"

वहिनींनी तारा छेडल्या. अँप्लिफायर ढिम्म.

"भाऊजी, गाणंही गेलं."

"तांब्याला मुरायला जरा वेळ लागतो," भाऊजी म्हणाले आणि महत्त्वाचा फोन घ्यायला गॅलरीत गेले. फोन वाजलेला कुणी ऐकला नव्हता.

वहिनींनी दुकानातला बारीक स्क्रूड्रायव्हर काढला. कपाळावर आठी होती, पण हात शांत होते. केबल जिथे घुसते त्या सॉकेटची आवाज नेणारी पट्टी तांब्याला टेकली होती. सगळं संगीत परस्पर अर्थिंगमध्ये चाललं होतं. त्यांनी मध्ये काळी टेप चिकटवली. मग दिसलं, की भाऊजींच्या पट्ट्यांपैकी निम्म्या एकमेकींशी बोलतच नव्हत्या. त्यांनी त्या सोल्डरच्या थेंबांनी जोडल्या.

घरघर खरंच गेली. तळाशी एक जाड हूंऽ मात्र उरला. तो चुंबकीय, तांब्याला तो जुमानत नाही. खुर्ची फिरवता फिरवता वहिनींना कळलं, की एका विशिष्ट कोनात बसलं की तोही जवळजवळ विरतो. घरात तो कोन फ्रिजकडे पाठ केली की मिळायचा.

सभागृहात तो मिळाला, तो बाहेर जाण्याच्या दाराकडे तोंड करून. श्रोत्यांना वहिनींचा फक्त डावा कान दिसत होता. "रुसल्यात का?" कुणीतरी विचारलं.

मैत्रिणीने पहिलं गाणं धरलं. आवाज तोच, सुतासारखा. पण आता त्याच्या आड काही नव्हतं. ती श्वास कुठे घेते तेसुद्धा ऐकू येत होतं. वहिनी तारांवर बोटं जेमतेम टेकवत होत्या. छातीतली धडधडसुद्धा तारांखालचं वेटोळं पकडेल की काय, अशी त्यांना भीती वाटली. दोन ओळींमध्ये मैत्रीण थांबली. सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती.

टाचणी नाही, भाऊजींचं वाक्य पडलं.

"शिल्डिंग माझं आहे," ते शेजारच्याच्या कानात कुजबुजले, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं.

"गप्प बस रे!" यजमान म्हणाले. कित्येक वर्षांतलं त्यांचं हे पहिलंच जाहीर मत.

मैत्रीण हसली. ऑपरेशननंतर जपून, घसा सांभाळून हसायची तसं नाही. खदखदून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वहिनी दाराकडे तोंड करून तेच दोन कॉर्ड फिरवत राहिल्या. मागे वळून पाहायचा फार मोह होत होता, पण वळलं की हूंऽ आला असता. शेवटी मैत्रिणीने नाक पुसलं आणि पुढचं कडवं घेतलं.