तीन बोटांचं तोंड

तिकबिंगच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. पिंगतुंग जिल्ह्याच्या त्या टापूत सुपारीच्या बागा घरटी एक, पण बांधावर उभं राहून पलीकडच्या बागेतल्या माणसाची सात पिढ्यांची उणीदुणी काढणारा हा एकटाच. ओली सुपारी, पान, चुना सदा गालात. बोलायला लागला की समोरच्याचा सदरा लाल झालाच म्हणून समजा.

त्या दिवशी त्यानं आल्याच्या रश्शाचा एक घोट झोंबताच वाडगा परत सारला आणि वाफेवरचा बन चिमटी-चिमटीनं खाल्ला. एका घासात अख्खा बन गिळणारा माणूस. त्याची बायको ग्वेचू हे सगळं बघत होती.

"देवळापुढं दातांची गाडी आलीया," ती म्हणाली. "सुपारी खाणारांची तोंडं फुकाट बघत्यात. चल."

"माजं दात ब्येस हायेत."

"किती हायेत?"

"लागत्यात तेवढं."

"म्हाताऱ्या माकडा, चालतूस का पोफळी आडव्या करू?"

तिनं खरंच कुऱ्हाड उचलली, तेव्हा गडी हलला.

देवळाच्या अंगणात लिम डॉक्टरीण खुर्ची मांडून बसली होती. पोरगेलीच होती. म्हणाली, "आजोबा, तोंड किती उघडतं बघू. तुमचीच तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घाला."

दोन गेली. तिसरं बाहेरच राहिलं.

"माजी बोटं जाड हायेत," तिकबिंग म्हणाला. "कामाची बोटं हायेत ती. तुमची घाला की."

तिची बारीक बोटंही जाईनात.

"इतकी वर्सं मला वाटायचं, ह्याच्याएवढं मोठं तोंड पंचक्रोशीत न्हाई," ग्वेचू रांगेकडं बघत म्हणाली. "आन् निघालं दोन बोटांचं."

रांग फिदीफिदी हसली. डॉक्टरीण मात्र हसली नाही. बॅटरीच्या उजेडात ती त्याचा गाल आतून बघत राहिली. "इथं पांढरा डाग आहे. तुकडा काढून तपासावा लागेल."

ग्वेचूनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली. "मला भ्या वाटतंय रं," ती म्हणाली.

"मेलो तर शांतता लाभंल तुला."

"ती शांतता काय चुलीत घालू?"

तपासणीत क्यान्सर निघाला नाही, पण डाग त्या वाटेला लागला होता. तो कापून काढला. सुपारी जन्माची तुटली. आखडलेल्या गालासाठी डॉक्टरणीनं लाकडी चपट्या काड्या दिल्या. त्यांची चळत दातांत धरून बसायचं, हळूहळू एकेक काडी वाढवायची, आणि तेवढा वेळ बोलायचं नाही.

ग्वेचूनं स्टूल ओढलं. जन्मभराचं साचलेलं होतं.

"तुज्या आयनं माजी बांगडी तुज्या भैनीला दिली, तवा तू का गप ऱ्हायलास? बोल की."

"आँ," तिकबिंग म्हणाला.

"कबूल हाय न्हवं?"

रोज संध्याकाळी बांगडी निघायची, मग सासू, मग नणंद. शेजारणी पंखे घेऊन ऐकायला यायच्या. काडी वाढवताना ग्वेचूला कळत होतं, की आपण आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय. तोंड उघडलं की हा पुन्हा गाव डोक्यावर घेणार. तरी ती काडी सरकवायची. तो मेल्यावर भांडायचं कुणाशी?

भाताची कापणी उरकली आणि दातांची गाडी पुन्हा आली. तिसरं बोट आत गेलं. डागाची जागाही साफ होती. डॉक्टरणीनं टाळी वाजवली. तिकबिंग तडक घराकडं निघाला.

ग्वेचूनं आल्याचा रस्सा वाढला. त्यानं वाडगा चाटूनपुसून साफ केला, डोळे पुसले आणि ऐसपैस तोंड उघडलं.

"आलं जास्त झालंय," तो म्हणाला. "आन् ती बांगडी आयनं न्हाई दिली. म्याच दिली हुती."

ग्वेचूनं हातातली पळी खाली ठेवली. मग उठली आणि फडताळातून काड्यांचा जुडगा काढून आणला.

"आ कर," ती म्हणाली.