पुन्हा लावून बघा

“पुन्हा लावून बघा म्हणे! जंतू काय तुमचे जावई आहेत, समजूत काढली की ऐकायला?” बाईंनी फोन आपटला.

फोनवर अतिदक्षता विभागातला नवा डॉक्टर होता. बाई प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. पाठीमागे सगळे त्यांना ‘गढूळबाई’ म्हणत. रुग्णाचे जंतू त्या पट्टीवरच्या इवल्याशा वाट्यांत लावत, प्रत्येक वाटीत औषध आधीपेक्षा जास्त. वाटी नितळ राहिली तर औषध जिंकलं, गढूळ झाली तर जंतू. सव्वीस वर्षं हेच. हल्ली अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलेल्या औषधाच्या वाट्याही गढूळ निघत, आणि डॉक्टर हमखास तेच टुमणं लावत. साध्या सर्दीला जबर औषधं खिरापतीसारखी वाटणारी ही जमात! बाईंना त्यांची कीवसुद्धा येत नसे.

त्याहून राग दादावर, म्हणजे सख्ख्या भावावर. त्याच्या कोंबड्या होत्या. तेच राखीव औषध, कोलिस्टिन, तो पोत्यानं आणून पिलांच्या पाण्यात कालवायचा.

“अरे, माणूस मरायला टेकला की आम्ही ते बाहेर काढतो!”

“तुझ्या वाट्या तुझ्यापाशी. माझी पिलं बघ कशी टुणटुणीत,” म्हणत त्यानं बाईंच्या पिशवीत सोललेली कोंबडी कोंबली.

तिच्या एका तुकड्यातले जंतू बाईंनी गुपचूप प्रयोगशाळेत लावले. सगळ्या वाट्या गढूळ. प्रयोगशाळेच्या साहेबांनी अहवालाचा कागद दोन बोटांत धरून परत केला.

“रुग्ण क्रमांक कुठाय? कोंबड्यांचे अहवाल आपण काढत नाही, बाई.”

असला मठ्ठ माणूस खुर्चीत बसतो, म्हणून बाई दिवसभर धुमसल्या. उरलेली कोंबडी मात्र त्यांनी आदल्याच दिवशी शिजवून खाल्ली होती. पुढेही दादा देत राहिला, त्या घेत राहिल्या. फुकटची होती ना! दादाची मात्र त्यांना मनापासून लाज वाटायची.

मग दादाच्या आतड्याचं ऑपरेशन झालं आणि जंतू रक्तात उतरले. त्याचं रक्त बाईंच्याच टेबलावर आलं.

वाट्या वाचायच्या त्या सकाळी वहिनी दारात उभी होती. “ताई, तुम्ही नाव सांगितलंत की लगेच सुरू करणार आहेत. कुठलं औषध लागू पडतंय?”

“बघते.”

बाकीच्या औषधांनी आधीच हात टेकले होते. बाईंनी शेवटची, कोलिस्टिनची पट्टी उजेडासमोर धरली. पहिली वाटी गढूळ, दुसरी गढूळ. अगदी टोकाची वाटीही गढूळ. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि फोन उचलून अतिदक्षता विभागाला सांगितलं.

नवा डॉक्टर “बरं, बाई,” एवढंच म्हणाला. पुन्हा लावा, असं काही तो म्हणाला नाही. त्याला चांगलाच धडा मिळाला होता.

बाईंनी हातमोजे चढवले, नवी पट्टी काढली आणि दादाचे जंतू पुन्हा लावले.