आठही दिवे लागतात

"घंटा वाजली म्हणे. माझ्या कानात काय बोळे कोंबले होते? की मी बहिरी, आणि मलाच पत्ता नाही?"

हे कोणाला ऐकवायला नव्हतं. मावशी फरशी पुसत होत्या आणि फडक्याशी बोलत होत्या. मी त्यांच्या डोक्यावर शिडीवर उभी, कमरेपासून वर फॉल्स सीलिंगमध्ये गडप. खालच्या माणसाला माझी फक्त पावलं दिसत होती. पावलांना कान असतात हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

"पंधरा वर्षं लोकांची ढुंगणं धुतली, कधी नाक मुरडलं नाही. आणि आता म्हणे निष्काळजी."

मी मात्र वर नाक मुरडूनच होते. टॉर्चच्या उजेडात उंदरांच्या लेंड्या, एका पालीचं वाळून कागद झालेलं कातडं, आणि गळक्या पाइपाखाली भिजून बिस्किटासारखा फुगलेला सीलिंगचा तुकडा. त्याच्याशेजारी गाठ मारलेला, वापरलेला रबरी हातमोजा. कचऱ्याचा डबा दहा पावलांवर, तेवढं चालायचा कंटाळा, म्हणून कोणीतरी सीलिंगचा चौकोन उचलून तो वर सारला होता. खालच्या धुलाईच्या खोलीतली वाफ वर येऊन तिथेच मुरायची. साबण, फिनेल आणि मुताचा तो मिळून झालेला वास नाकात राहत नाही, जिभेवर बसतो. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

पण खरी शिसारी पुढे होती, आणि ती उंदरांनी केलेली नव्हती.

हे म्हाताऱ्या माणसांचं निवासघर. प्रत्येक पलंगाशी एक बटण. दाबलं की पुढच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर खोलीचा नंबर उमटतो आणि घंटा वाजते. मागच्या बाजूच्या नऊ खोल्यांच्या तारा मागच्या बोळात एका डबीत येतात आणि तिथून एकच केबल, सत्तर मीटर, छतातून काउंटरपर्यंत जाते. तीन दिवसांपूर्वी नऊ नंबरचे आजोबा दुपारी दोनला उठताना घसरले. सापडले पाचला. मधले तीन तास फरशीवर, मोडलेल्या मनगटावर, स्वतःच्याच घाणीत. काउंटरवर पाळी मावशींची.

घराच्या व्यवस्थापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांचा हिशेब सरळ होता. बटण दाबलं की घंटा वाजते, यंत्र काही कामचुकारपणा करत नाही, म्हणजे मावशींनीच ऐकली नाही. त्यांना फक्त एक कागद हवा होता: घंटेची लाइन तपासली, ती चोख आहे. खाली आमची सही. तो कागद लागला की मावशींना काढायचं, आणि काढण्याचं कारण लेखी द्यायचं. या कामात असा शेरा पडला की दुसरं कुठलंही घर दाराशी उभं करत नाही. मावशींचं वय छप्पन्न.

लाइन आमचीच. सहा वर्षांपूर्वी ओढलेली. हे गेल्यावर आमच्या केबलच्या दुकानाची पाटी माझ्या धाकट्या दिराच्या नावाची झाली आणि हात माझे. भावजी गोड बोलून कामं आणायचे, मी शिडीवर चढायची. त्याआधी मी ब्लाउज शिवायची. केबलचं कोणी शिकवलं नाही. जुन्या केबली कापून, आत काय आहे ते बघून शिकले.

शिडी सरकवत मागच्या डबीपाशी पोचले. केबलचं टोक उपसलं, वरची धूळ पदराने पुसली, आणि प्लगच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आठ तारा दिसल्या. नारिंगीशेजारी तिची पांढरी-नारिंगी, हिरवीशेजारी पांढरी-हिरवी, निळीशेजारी पांढरी-निळी, तपकिरीशेजारी तिची जोडीदारीण. कशा देखण्या, शिस्तीत. जसं मापात बसवलेलं काठाचं कापड.

आणि तेच चुकीचं होतं.

सांगते का ते. केबलच्या आत चार जोड्या असतात, दर जोडीतल्या दोघी एकमेकींना पीळ घालून असतात. प्लगमध्ये त्यांना उभं करायचा एक ठरलेला क्रम आहे, आणि त्यात हिरव्या जोडप्याच्या मधोमध निळं जोडपं उभं करतात. सुरुवातीला मला ते बघून हसू आलं होतं. म्हटलं, फोटो काढताना नवरा-बायकोच्या मधे शेजारच्यांना कोण उभं करतं? कोणा वेंधळ्याचं काम! मी आपली सगळी जोडपी शेजारीशेजारी उभी केली, दोन्ही टोकांना सारखीच. टेस्टर लावला. एक ते आठ, ओळीने आठही दिवे लागले. काम सुरू.

पीळ शोभेचा नसतो हे मला तीन वर्षांनी कळलं. एक तार बाहेरचा जेवढा गोंगाट ओढून घेते तेवढाच तिची जोडीदारीण घेते. पलीकडे दोघींची वजाबाकी होते, गोंगाट मरतो, निरोप उरतो. प्लगमधली तिसरी आणि सहावी जागा एकाच निरोपाची. तिथे मी एक तार हिरव्या घरातली आणि एक निळ्या घरातली बसवली होती. दोघी एकमेकींना ओळखतच नाहीत, वजाबाकी होणार कुठून? टेस्टर बिचारा इतकंच विचारतो की इकडची तिसरी तिकडे तिसरीच आहे ना. कोण कोणाला पिळलंय हे तो विचारत नाही. छोट्या अंतरावर ते खपून जातं. लांब केबल असेल आणि शेजारी मोठी मोटर गुरगुरत असेल, तर मात्र पलीकडे नुसता कालवा पोचतो.

हे कळलं तेव्हा मी भावजींना सांगितलं होतं. पहिल्या तीन वर्षांची सगळी कामं पुन्हा करावी लागतील. ते म्हणाले, "वहिनी, कोणाची तक्रार आली? नाही ना? मग चालत्या गाड्याला खीळ कशाला?" दोन-तीन ठिकाणी मी गुपचूप जाऊन बदललं. बाकीची राहिली. राहिली म्हणजे मी राहू दिली.

शिडीवरून उतरले तर खाली भावजी मोठ्या बाईंना टेस्टर दाखवत होते. टक, टक, टक, आठ हिरवे दिवे. सकाळचे अकरा वाजले होते.

"बघा, आठच्या आठ. लाइन आरशासारखी."

"मला ठाऊकच होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "तरी म्हणते, या तारांची कटकट हवी कशाला? हल्ली सगळं वायरलेस असतं."

"पहिल्या वर्षी लावून पाहिलं होतं," मी म्हटलं. "मधे दोन जाड भिंती, पाण्याची टाकी आणि लोखंडी कपाटांची रांग. वायरलेस म्हणजे लांबून मारलेली हाक. ती भिंतीत जिरते. तार म्हणजे हात धरून कानात सांगणं."

"वहिनी बोलतात छान," भावजी हसून म्हणाले, आणि डोळ्यांनी मला म्हणाले, पुरे.

मी नऊ नंबरमध्ये गेले. बटण बघायचं निमित्त. फरशी इतकी घासली होती की पांढरी पडली होती, वर उग्र सुवासिक फवारा मारला होता, आणि त्या सगळ्याच्या खाली तो दुसरा वास तसाच होता. त्या वासापेक्षा मला फवाऱ्याची किळस आली. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, मनगट प्लास्टरमध्ये. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. खिडकीत अजूनही चार घड्याळं, चारही एकाच वेळी टिकटिकणारी.

"आजोबा, बटण दाबलं होतं तुम्ही?"

"सगळे म्हणतात मला आठवत नाही."

"मी सगळ्यांमधली नाही. मी तारवाली."

ते वळले. "पहिल्यांदा दोन वाजून सतरा मिनिटांनी. वायर ओढून बटण खाली घेतलं. शेवटचं चार बावन्नला. एकूण एकतीस वेळा."

"मोजलंत?"

"दुसरं काय करणार होतो? हाका पण मारल्या आधी. नंतर नाही मारल्या. कोणी येऊन तसं बघावं, याची लाज वाटायला लागली."

मी त्यांची चादर उगाच सारखी केली. शिवण उसवलेली होती. इथे चांगली शिवण कोणी करत नाही.

बाहेर मावशी बादली रिकामी करत होत्या. मी विचारलं, "धुलाईची यंत्रं किती वाजता लावता?"

"दोन ते पाच. गरम पाणी तेव्हाच येतं ना. का हो ताई?"

"आत्ता लावता? रिकामी का होईना."

"बाई ओरडतील."

"माझ्यावर ओरडू देत."

तीन यंत्रं. एकेक यंत्र सुरू झालं तशी जमीन थरथरली, डोक्यावरचं सीलिंग कुरकुरलं, आणि भिंतीतून घाणेरड्या चादरींचा मुरलेला वास यायला लागला. माझी केबल बरोबर त्यांच्या माथ्यावरून गेली होती. जवळची वाट म्हणून मीच काढलेली. केबलची दोन्ही टोकं परत खोचून मावशींना मी नऊ नंबरमध्ये बटण दाबत उभं केलं आणि स्वतः काउंटरवर आले.

एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. दूरवर मावशींचा आवाज, "दाबतेय हं ताई! दाबतेय!" आणि पडदा आपला गप्प.

पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एका औषध कंपनीचं स्टिकर होतं, हसणाऱ्या बाळाचं. मळून तपकिरी झालेलं, कडांना बोटांचं किटण. मी नखाने एक कड उचलली. खाली पिवळा त्रिकोण लुकलुकत होता. मागची लाइन तुटली की येतो तो.

"ते काढू नका," मागून मोठ्या बाईंचा आवाज आला. त्यांच्यामागे भावजी. "मीच लावलंय. रोज दुपारी लुकलुकत बसतं. पाच वाजले की आपोआप जातं. सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायचं."

"किती दिवस येतंय?"

"असेल वर्षभर. नवीन मोठी यंत्रं घेतली तेव्हापासून."

त्या बाळाच्या मागचा चिकट डिंक माझ्या बोटाला लागला होता. मी तो साडीला पुसला, तरी गेला नाही.

भावजींनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांनी सगळं ओळखलं होतं. माणूस मूर्ख नाही. "वहिनी, ऐका. दहा मिनिटांचं काम आहे. दोन्ही टोकं कापा, नीट क्रमाने लावा. यंत्रं चालू असताना घंटा वाजली की मग सही करा. लाइन चोख आहे. आहेच ना तेव्हा? त्यात खोटं काय?"

आणि खरंच, त्यात एकही शब्द खोटा नव्हता. सगळ्यात जास्त किळस मला त्याचीच आली.

मी दोन्ही टोकं कापली. निळ्या जोडप्याला हिरव्याच्या मधे उभं केलं, प्लग दाबले. यंत्रं गुरगुरत असतानाच काउंटरवर घंटा ठणठणली, नऊ नंबर उमटला, आणि मावशी बोळातून धावत आल्या. "वाजली! ताई, इथपर्यंत ऐकू आली!" त्यांना वाटलं, आता सुटले.

मोठ्या बाईंनी यंत्रं बंद करायला लावली आणि कागद पुढे केला. "झालं. वाजते आहे, सगळ्यांनी ऐकलं. करा सही. मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

मावशींचा चेहरा उतरला. त्यांना आत्ता कळलं की वाजलेली घंटा त्यांच्याच विरुद्ध गेली.

"मी पेन देतो," भावजी म्हणाले. "वहिनी, करा. पुढच्या कामाला उशीर होतोय."

कापलेले दोन प्लग माझ्या मुठीत होते. घामाने ओले, छतातल्या धुळीने काळे, आणि आत त्या आठ तारा अजूनही कशा देखण्या. मी ते कागदावर ठेवले. पांढऱ्या कागदावर काळपट डाग उमटला.

"काय घाण ठेवलीत ही?" मोठ्या बाई मागे सरकल्या.

"माझी आहे," मी म्हटलं. "मावशी, जाऊ नका. बाई, आजोबांनी एकतीस वेळा बटण दाबलं आणि घंटा एकदाही वाजली नाही. ही वायर मी चुकीची जोडली होती, आणि गेली तीन वर्षं मला ते ठाऊक होतं."