कोरडे हात

मान.

वॉर्मअप मानेपासून सुरू होतो. डावीकडे, उजवीकडे, सावकाश. मालिशवालीची मान करकरते. वयाच्या सत्तेचाळीसपैकी पंचवीस वर्षं ती लोकांच्या पाठींवर वाकलेली. पोल डान्स शिकवणाऱ्या मॅडमचा आखडलेला खांदा चोळायला ती गेली होती, तर खोलीच्या मधोमध जमिनीपासून छतापर्यंत चकचकीत पोल. मॅडम म्हणाल्या, धरून तर बघा. धरला, पाय उचलले, पाठीचा मणकान् मणका सुटा झाला. बाई फसल्या त्या फसल्याच.

खांदे.

पहिला महिना नाच नाहीच. नुसतं लटकायचं, खांदे कानांपासून खाली ओढून, दहा आकडे मोजेपर्यंत. उजवा हात तयारीचा; डावा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा, नुसता शोभेला. दोन्ही बाजू सारख्याच करायच्या, नाहीतर अंग एकीकडे कलतं, असं मॅडमनी बजावलं. दोन क्लासच्या मध्ये विश्रांती घ्या, उपाशीपोटी येऊ नका, हेही. विश्रांती म्हणजे आळस, असं मालिशवालीला जन्मभर वाटत आलेलं. तीही शिकावी लागली.

मनगटं.

इथे घोडं अडलं. पोलला माणूस धरून राहतो तो कातडीच्या जोरावर, म्हणून क्लासच्या दिवशी अंगाला क्रीमसुद्धा लावायचं नाही. आणि हिचं तर पोटच तेलावर. दुपारी गिऱ्हाइकं, चारला सासूबाईंचे गुडघे, सहाला क्लास. साबणाने तीनदा हात धुतले तरी तेल कातडीत मुरलेलं ते मुरलेलंच.

दुसऱ्या महिन्यात पोलवर बसायला शिकवलं. मांड्यांची घट्ट कात्री करायची आणि हात सोडायचे. हिने हात सोडले आणि सरळ खाली आली. ढुंगण शेकलं, बाकी काही नाही. पण तिच्यामागून त्याच पोलवर क्लासमधली एक बँकेतली कॅशियर चढली, तीही त्या तेलावरून घसरली आणि तिचं मनगट मुरगळलं.

कॅशियरच्या हाताला बर्फ लावून झाल्यावर मॅडमनी मालिशवालीला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही. तेच जास्त लागलं.

"तुम्ही पडाल ते पडाल, ताई, तुमच्यामागचा पण पडेल. पुन्हा तेलाचे हात घेऊन आलात तर चढू देणार नाही."

कंबर.

घरी तिने पाठीच्या व्यायामाला जाते एवढंच सांगितलेलं. आता चारची मालिश चुकवायची तर खरं बोलणं आलं. मालिश करायची तर क्लास गेलाच. जाऊबाईंना विचारून पाहिलं. त्या म्हणाल्या, मला तेलाचा वासच सोसत नाही. नवऱ्याला विचारलं, तर त्याने पेपरात डोकं घातलं. तीन दिवस तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली, आणि चौथ्या दिवशी सासूबाईंचा गुडघा हातात असताना सगळी विसरून एकदम सांगून टाकलं.

सासूबाईंनी तिचा चोळणारा हात धरून थांबवला.

"खांबाला लटकतेस?"

"हो, आई."

"पडलीस तर?"

"पडले ना. तेलामुळे."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तसं नाही हो, आई."

"तसंच की." त्यांनी पाय ओढून घेतला आणि साडी खाली केली. तिला वाटलं, संपलं. "क्लासच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या चोळ. गुडघेच ते, चारच्या ठोक्याला दुखायला घड्याळ थोडंच आहे? आणि त्या दिवशी दुपारची गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवसावर टाक. एवढ्या लोकांचं अंग रगडतेस, तुझ्या अंगाला कोण हात लावतं गं?"

मालिशवालीने दुसरा गुडघा पुढे ओढला आणि जरा जोरातच चोळला.

तळवे.

मंगळवारी मॅडमनी तिचे तळहात उलटेपालटे करून पाहिले, पोटऱ्यांवरून बोट फिरवलं, स्पिरिटच्या फडक्याने पोल पुसला आणि होकाराची मान हलवली. कॅशियर मनगटाला पट्टा बांधून कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मी मोजते. पडलात तर मात्र तुमच्याकडून मनगट फुकट चोळून घेणार."

मालिशवाली चढली. मांड्यांची कात्री केली. कातडीला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं, पण कातडी पोल सोडेना. तिने एक हात काढला. मग दुसरा.

कॅशियर मोजत होती. खाली मॅडम तिला झेलायला दोन्ही हात पसरून उभ्या होत्या. आकडा आठवर गेला तेव्हा त्यांनी हात खाली घेतले आणि शेजारचा पोल पुसायला गेल्या.