खुळखुळ्याचा रंग आणि कापशीच्या पेशीतला मी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे, पण तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही. शास्त्रज्ञ मला जनुक म्हणतात. चाकणजवळच्या एका प्रयोगशाळेतली कापशी नावाची पांढरी उंदरीण हे माझे घर.

पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो. पेशीने कसे वागायचे, ते त्यावर लिहिलेले असते. विषारी रसायनाने तो तुटला की मला जाग येते. माझ्या सांगण्यावरून प्रथिने तयार होतात आणि पेशीला बजावतात, "थांब! आधी धागा सांध, मग वाढ." धागा सांधलाच जात नसेल, तर त्या पेशीला निरोप द्यावा लागतो. म्हणजे ती पेशी मरते, तेव्हा मला वाईट वाटते. पण तुटका धागा घेऊन ती वाढत सुटली, तर कर्करोग होऊ शकतो.

एकदा आमच्याकडे लाकडी खुळखुळ्यांचा नवा लाल रंग तपासायला आला. तो पाण्यात मिसळून उंदरांना दिला. आठवड्याने तपासणी करणाऱ्या मैत्री मॅडमनी कापशीच्या शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन यंत्रात तपासले; मी जागा झालो की त्या यंत्रावरची रेघ वर चढते. मी शांत होतो. म्हणजे रंग निर्धोक!

"अहवालावर सही करून टाक," प्रयोगशाळेचे प्रमुख दिग्विजय सर म्हणाले. "खुळखुळ्यांच्या कंपनीचे सारखे फोन येतायत."

तेवढ्यात पिंजरे साफ करणारे ज्योतीराम आले. ते थेरगावला राहतात, मूळचे लातूरकडचे.

"मॅडम, बाटल्या रिकाम्या होतेत, पण खालचा भुसा चिंब हाय. उंदरं नावापुरतंच पितेत. नळी कुरतडून नुसतं सांडायलेत."

मॅडमनी पेन खाली ठेवले. "सर, पुन्हा तपासायला चार दिवस द्या."

"अगं, कंपनीला काय सांगू?"

"हे खुळखुळे बाळं तोंडात घालतात, असं सांगा."

सरांनी स्वतःच कंपनीला फोन लावला.

या वेळी रंग मोजून थेट उंदरांच्या तोंडात दिला. आणि मित्रांनो, काय सांगू! जागोजागी धागे तुटू लागले. मी कधी नव्हे इतका कामाला लागलो. पुन्हा रक्त तपासले, तेव्हा यंत्रावरची माझी रेघ सरळ वर चढली.

"पहारेकरी बोलला!" मॅडम ओरडल्याच.

तो रंग बाद झाला. कंपनीने दुसरा पाठवला, आणि तो कापशीने चवीने चाटला तरी मी आरामात होतो. अहवालात मॅडमनी ज्योतीरामांचे नाव लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचून घेतले आणि कापशीला काकडीचा मोठा तुकडा दिला. तिच्या पेशी आता ठणठणीत आहेत.

मित्रांनो, तुमच्याही पेशीपेशीत माझा एक भाऊबंद पहाऱ्यावर आहे. तो तक्रार करत नाही, पगार मागत नाही. म्हणून तंबाखू आणि धूर यांना चार हात लांब ठेवा. बिचाऱ्याला कधीतरी नुसते बसून राहण्याचे सुख मिळू द्या!